चौदाव्या पावलाची उडी

जमादारसाहेबांच्या मिशीवरून लढाईत कोणाची सरशी चालली आहे ते गावाला कळायचं. वर्तमानपत्र येडशी स्टेशनवर उतरून आमच्या गावी पोचायला दोन दिवस लागायचे. ते आधी त्यांच्या हातात पडायचं आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानावर त्यांचा चेहरा बदललेला असायचा. जर्मन पुढे सरकत होता तोवर त्यांची मिशी दोन्ही बाजूंनी आखडत आखडत नाकाखाली चिमूटभर उरली. मग रशियाच्या बर्फात जर्मनाचे पाय रुतल्याची बातमी आली आणि मिशी पुन्हा पसरायला लागली. त्यांच्या बीबींना सारं गाव फुफ्फी म्हणायचं. फुफ्फी ओट्यावर ज्वारी निवडता निवडता मला म्हणाल्या, "मास्तर, निकाह लागला तवा एकच नवरा मिळाला होता. आता दर महिन्याला नवाच येतो घरी."

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. गणित आणि मराठी शिकवायला त्या शाळेवर नेमलेला, आणि जमादारसाहेबांच्या शेजारच्या खोलीत राहणारा. ते कवायत शिकवायचे. निजाम सरकारच्या रिसाल्यातून जमादार म्हणून निवृत्त झालेले. पहिल्या लढाईत घोड्यासकट मिसर देशाकडे जाऊन आले होते. घोडा तिकडेच राहिला, उजवा कान तोफेने नेला, आणि उरलेले जमादारसाहेब आमच्या शाळेला मिळाले. कवायतीच्या वेळी सगळ्या मास्तरांनी मैदानात उभं राहायचं असा त्यांचा दंडक होता. मला कवायतीचा मनापासून कंटाळा. पण साठ वर्षांचा माणूस कडक उन्हात काठीसारखा उभा असताना मला सावलीत बसायची लाज वाटायची. त्याबद्दल मी त्यांच्यावर मनातल्या मनात रोज चिडायचो.

गावाची जागाही अशी की तिथे राहून माणसाला लढाईचा विचार सुटू नये. गावाला लागून ओढा, ओढ्याच्या अलीकडे मोगलाई आणि पलीकडे इंग्रजी हद्द. म्हणजे आम्ही हैदराबादचे आणि समोरचे बार्शीकडचे. म्हशींना हे ठाऊक नव्हतं, त्या रोज दोन्ही राज्यांत चरून यायच्या. माणसांनी मात्र तिकडून साखरेची पुडी आणली तरी करोडगिरीच्या नाक्यावरचा शिपाई धोतराचा सोगा चाचपून बघायचा. आमच्या शाळेचं मैदान ओढ्याच्या या काठाला, त्यांच्या शाळेचं त्या काठाला. दोन्हीकडे सकाळी कवायत. मधे गुडघाभर पाणी.

जमादारसाहेबांना आयुष्यात एकच प्रश्न पडला होता आणि तो त्यांना झोपेतही सोडत नसावा. सगळ्या देशांच्या फौजा एकमेकींसारख्या का दिसतात? त्यांच्याकडे पत्र्याची एक डबी होती. संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी ते बाजेवर रुमाल पसरून त्यावर डबी उपडी करायचे. आतून पितळी बटणं पडायची, मिसरच्या वाळूतून वेचलेली.

"हे तुर्काचं. हे जर्मनाचं. हे फ्रान्सवाल्याचं. हे आपल्या सायबाचं," असं म्हणत ते ती पत्त्यांसारखी पिसायचे. "आता सांगा मास्तर, कोणतं कोणाचं?"

मी एखादं बटण उचलून उलटसुलट बघायचो.

"न्हाय ना सांगता येत? मला बी येत न्हाय!" ते खूश होऊन म्हणायचे. "राजे येगळे, निशाण येगळं, देव येगळा. पण बटण कोणाचं बी असू द्या, काज तेवढंच. का म्हणून?"

मी शिकलेला माणूस, त्यामुळे उत्तर तयार असायचं. "जे चांगलं असेल ते एकमेकांचं घेत असतील, साहेब. दुसऱ्याकडे चांगली बंदूक दिसली की कोणीही घेणारच."

"बंदुकीचं सोडा, ती कामाची चीज हाय. पट्ट्यांचं बोला." आणि ते आपला पाय बाजेवर ठेवायचे. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत लोकरीची पट्टी गुंडाळलेली. "ही पट्टी आपली. पहाडातले लोक थंडीत पायाला बांधायचे. सायबानं ती उचलली. सायबाच्या पायावर दिसली म्हणून आपल्या सरकारनं उचलली. आन् म्या ती वैशाखात उस्मानाबाद जिल्ह्यात घालून फिरतो. कुठंय थंडी?"

"मग सोडून टाका की."

"नक्को," ते आवाज खाली आणून म्हणायचे. "पलीकडचा हवालदार घालतोय."

हा पलीकडचा हवालदार म्हणजे समोरच्या शाळेचा कवायत मास्तर. इंग्रजांच्या पलटणीतून आलेला, डाव्या हाताची दोन बोटं गमावलेला, धिप्पाड मराठा गडी. दोघं एकमेकांशी कधी एक शब्दही बोलले नव्हते. सकाळी दोघं आपापल्या काठावर येऊन एक कडक सलाम ठोकायचे आणि मग तासभर एकमेकांवर पाळत ठेवायचे. जमादारसाहेबांकडे एका डोळ्याची दुर्बीण होती, म्हणजे मुळात दोन डोळ्यांची, पण एक भिंग फुटलेलं. त्यातून बघून ते आम्हाला खबर द्यायचे. समोर लाकडी बंदुका आल्या की महिन्याभरात आमचा सुतार लाकडी बंदुका तासायला बसायचा. आमच्याकडे बिगूल आला की समोर ढोल वाजायला लागायचा. त्यांच्या पोरांच्या कमरेला पट्टे दिसले तेव्हा आमच्या पोरांनी बैलांच्या गळ्यातले पट्टे काढून आणले आणि गावात चार दिवस मोकाट बैलांनी धुमाकूळ घातला. हेडमास्तर रडकुंडीला आले. जमादारसाहेब म्हणाले, "बैल परत गोळा करता येत्यात. इज्जत येत न्हाय."

पण मला सांगायचं आहे ते टिटवीचं.

उन्हाळ्याच्या तोंडी शाळा सकाळची झाली आणि एके दिवशी मैदानाच्या बरोबर मध्यात टिटवीनं चार अंडी घातली. घरटं कसलं, चार खडे बाजूला सारून केलेली खळगी. निशाणाच्या खांबापासून पोरं जोडीजोडीनं चालायला लागली की चौदावं पाऊल नेमकं त्या अंड्यांवर पडावं. हेडमास्तर म्हणाले, टिटवी अशुभ असते, अंडी उचलून काट्यात टाका. जमादारसाहेबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की हेडमास्तर कागद शोधायला आत गेले.

"मग रांग थोडी बाजूने न्या," मी सुचवलं.

"बाजूनं?" ते म्हणाले. "पलीकडं दुर्बीण हाय, मास्तर. रांग बाजूला नेली तर हवालदार काय समजंल? जमादार हटला!"

बाजूला सरायचं नाही आणि अंडीही फोडायची नाहीत. त्यांनी खांबाजवळ उभं राहून बराच वेळ विचार केला आणि मग साठ पोरांना हुकूम दिला, "चौदाव्या पावलाला उडी!" पहिली जोडी अंड्यांवरून उडाली, मग दुसरी, मग तिसरी. लाट यावी तशी उडी रांगेच्या शेवटापर्यंत जायची. टिटवी वरती किंचाळत घिरट्या घालायची आणि शेवटची जोडी पार झाली की खाली उतरून पुन्हा अंड्यांवर बसायची. आठवड्याभरात तिला आणि आम्हाला एकमेकांची सवय झाली. जमादारसाहेब रोज कवायतीनंतर जाऊन अंडी बघून यायचे आणि फुफ्फींना सांगायचे, "चार हैत. चारी हैत." त्यांना मूलबाळ नव्हतं. फुफ्फी ते ऐकून त्यांच्यापुढे चहा ठेवायच्या.

पिलं निघाली, दोन दिवसांत पळायला लागली आणि गेली. उडी मात्र राहिली. पोरांच्या पायांना सवय लागली होती आणि जमादारसाहेबांनीही ती मोडली नाही. "पुढल्या साली परत यील ती," ते म्हणाले. "पोरं विसरली तर मग पुन्हा शिकवायची कोणी?"

सुट्टी संपली, पाऊस झाला, दिवाळी गेली. एके सकाळी जमादारसाहेबांनी माझ्या दाराला लाथच मारली. मी उघड्या अंगाने बाहेर आलो तर त्यांनी मला धरून ओढ्यावर नेलं आणि दुर्बीण माझ्या डोळ्याला लावली. समोरच्या सपाट मैदानात, जिथे खडा नाही की काटा नाही, हवालदाराची पोरं जोडीजोडीनं चालत येत होती आणि चौदाव्या पावलाला उडी मारत होती.

"अंडं कुठाय?" जमादारसाहेब माझा दंड दाबत विचारत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते हसत होते. "मास्तर, तीस साल म्या बटणं पिसतोय. हे बघा! अंडं कुठाय त्यांच्यात?"

त्या आनंदातच थंडीत मोहतमीमसाहेबांचा दौरा लागला. मोहतमीम म्हणजे शाळा तपासायला येणारे साहेब. हे नवे होते, आणि त्यांच्याबरोबर कवायतीचं छापील पुस्तक असतं अशी कीर्ती आधीच पोचली होती. ज्या कवायत मास्तरांकडे सनद नाही आणि ज्यांची कवायत पुस्तकाप्रमाणे नाही त्यांना घरी पाठवायचं, असा हुकूमही पाठोपाठ आला. जमादारसाहेबांकडे सनद नव्हती. पुस्तकात उडी असण्याची शक्यताच नव्हती. फुफ्फींनी मला ओट्यावर बोलावून घेतलं. त्या नेहमी माझी थट्टा करायच्या, पण त्या दिवशी केली नाही. "मास्तर, तुमी शिकलेले हात, काईतरी करा. मैदान गेलं तर हा माणूस पंधरा दिस बी जगायचा न्हाय. मला ठाव हाय."

मलाही ठाऊक होतं. मी आणि हेडमास्तरांनी मिळून जमादारसाहेबांचे पाय धरले. एका दिवसापुरती उडी बंद ठेवा. ते म्हणाले, "ठीक हाय. आता तसं बी अंडं न्हाय तिथं." मग त्यांनी पोरांना उभं करून बजावलं की उद्या उडी मारायची नाही. पोरांनी एका सुरात हो म्हटलं. तेवढ्यावर आम्ही निर्धास्त झालो, हीच चूक.

मोहतमीमसाहेब येडशीला उतरून छकड्यातून आले. गळ्याला मफलर, नाक सर्दीनं लाल, काखेत पुस्तक. पोरं निघाली. पहिली जोडी बिचारी चौदाव्या पावलाला दात-ओठ खाऊन सरळ चालत गेली. दुसऱ्या जोडीतल्या एकाच्या पायांनी ऐकलं नाही. तो उडाला तो पुढच्याच्या पाठीवर, पुढचा पडला, मागचे उडी मारावी की नाही या विचारात जागच्या जागी घुटमळले, त्यांच्या मागच्यांना काहीच कळलं नाही म्हणून ते शिस्तीत चालत येऊन आदळले. बघता बघता मैदानाच्या मध्यात पोरांचा ढीग झाला आणि ढिगाच्या टोकाशी लाकडी बंदूक खांद्यावर घेऊन एकच शहाणं पोरगं मोठ्यानं मोजत होतं, "पंधरा, सोळा, सतरा."

"ये छलांग किस किताब में लिखी है?" मोहतमीमसाहेबांनी विचारलं.

जमादारसाहेब ताठ उभे होते. टिटवीचं सांगितलं असतं तर कदाचित साहेबांनी हसून सोडलंही असतं. पण रिसाल्यातला माणूस, पाखरासाठी कवायत बदलली असं कसं सांगणार? ते एवढंच म्हणाले, "कसूर माझा हाय, हुजूर. पोरांचा न्हाय."

मोहतमीमसाहेबांची एक पद्धत होती. शेरा ते आधी पेन्सिलीनं लिहायचे आणि गाव सोडताना त्यावर शाई फिरवायचे. त्या संध्याकाळी शेरेबुकात पेन्सिलीनं लिहिलं गेलं की कवायत मास्तरांना कमी करण्यात यावं. ते वाचून जमादारसाहेब घरी गेले आणि पायाच्या पट्ट्या सोडून त्यांची नीट गुंडाळी करून खुंटीला अडकवली. फुफ्फींनी मला हे सांगितलं. मिशी बदलताना मी त्यांना शंभरदा पाहिलं होतं, पट्ट्यांशिवाय एकदाही नाही.

सकाळी मी मोहतमीमसाहेबांना ओढ्याकाठच्या शेतात हुरडा खायला नेलं. कोवळी कणसं, तिळाची चटणी, शेकोटीची ऊब. साहेबांचं नाक मोकळं झालं आणि स्वभावही थोडा सैल झाला. मी मुद्दाम त्यांचं तोंड ओढ्याकडे करून बसवलं होतं. पलीकडे ढोल वाजला. हवालदाराची पोरं निघाली आणि एकामागून एक जोडी उडत गेली, एकाही पायाची चूक नाही. साहेबांचा हुरड्याचा हात तोंडापाशीच थांबला.

"वो तो अंग्रेज़ी इलाक़ा है ना?"

"जी, साहेब."

"वहाँ भी यही?"

आता इथे मी खरं सांगायला हवं होतं. "जी. तिकडे तर पहिल्यापासून आहे," मी म्हणालो. आणि एकदा खोटं बोलायला लागल्यावर हात आखडता कशाला घ्या, म्हणून जोडून दिलं, "त्यानं गुडघे मजबूत होतात म्हणे. त्यांच्याकडच्या नव्या पुस्तकात असेल."

साहेबांनी हातातला हुरडा खाली ठेवला. आपलं पुस्तक जुनं आहे ही गोष्ट त्यांना फार लागली असावी. जाताना त्यांनी खोडरबर मागितला. पेन्सिलीचा शेरा पुसला, त्या जागी शाईनं जमादारसाहेबांची तारीफ लिहिली, आणि महिन्याभरात साऱ्या तालुक्याच्या शाळांना हुकूम गेला की खांबापासून चौदाव्या पावलाला उडी मारण्यात यावी.

मला वाटलं होतं, जमादारसाहेब मला मिठी मारतील. ते माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी पट्ट्या बांधून दारात आले.

"मास्तर, तुम्ही माझं मैदान वाचवलं. ते म्या मरेस्तोवर विसरणार न्हाय," ते म्हणाले. मग खांबाकडे बघत राहिले. "पन आता ही उडी माझी न्हाय राहिली. सारा तालुका उडतोय. एकाच्या बी मैदानात अंडं न्हाय, आन् एक बी माणूस इचारत न्हाय की उडायचं कशावरून. एवढी मोठी नक्कल म्या तीस सालात बघितली न्हवती, आन् बघितली तर त्यात माझाच हात."

मी खजील झालो, आणि थोडा रागावलोही. जीव वाचवलेल्या माणसानं इतकं बारीक बोलू नये असं मला तेव्हा वाटलं होतं.

मग मोगलाई गेली. नाक्यावरचा शिपाई गेला, सोगे चाचपायचं थांबलं, ओढा नुसता ओढा झाला. नव्या राज्याचा नवा तपासनीस आला, त्यानं उडी पाहिली आणि म्हणाला, बार्शीकडेही असंच करतात, चालू द्या. ज्या दिवशी हद्द उठली त्याच्या दुसऱ्या सकाळी जमादारसाहेब पट्ट्या भिजवत ओढ्यात उतरले. मी त्यांच्या मागे. पलीकडून हवालदारही उतरला होता. दोघं बरोबर मधल्या धारेत समोरासमोर आले. सलाम झाला. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा जमादारसाहेब त्याच्याशी बोलले.

"ती उडी तुमी का उचलली?"

हवालदार ओशाळला. "खरं सांगू का, जमादारसाब? आमी समजलो, मोगलाईत काईतरी शिजतंय. खंदक वलांडायची तालीम चाललीया. म्हटलं, उद्या हे उड्या मारत आमच्याकडं आले तर आमची पोरं काय मोजत बसत्यात का? दोन महिने झोप न्हवती बगा आमाला."

जमादारसाहेबांनी त्याला टिटवीचं सांगितलं. धिप्पाड माणूस पाण्यात उभा राहून इतका हसला की काठावरच्या म्हशी सरकल्या. मग हसणं थांबवून त्यानं विचारलं, "किती हुती?"

"चार."

"समदी जगली?"

"चारी."

"मग झालं की," हवालदार म्हणाला. त्या दिवसापासून दोघं रोज संध्याकाळी एका बाजेवर बसून बटणं पिसायला लागले. बाजेवरची माझी जागा हवालदाराला मिळाली याचा मला थोडा मत्सरच वाटला.

जमादारसाहेब गेले ते पाच-सहा वर्षांनी, ऐन उन्हाळ्यात. सकाळी कवायत घेतली, घरी येऊन पट्ट्या सोडल्या आणि बाजेवर आडवे झाले ते उठलेच नाहीत. मिशी तेव्हा भरघोस पांढरी होती. कोणाची नक्कल होती ते मला ओळखता आलं नाही. बहुतेक त्यांची स्वतःचीच असावी.

कबरस्तान मैदानाच्या पलीकडे होतं. वाट कुंपणाला वळसा घालून जायची. दोन्ही काठांची माणसं जमली होती. हवालदार वैशाखात पट्ट्या बांधून आला होता. जनाजा उचलला तेव्हा तो म्हणाला, "वळसा न्हाय घ्यायचा. मैदानातनं." त्याचा आवाज असा होता की मौलवीसाहेबही मैदानाकडे वळले. खांबापाशी त्यानं मला खूण करून पुढचा एक खांदा दिला आणि दुसरा स्वतः घेतला. मागे आमचेच दोन जुने विद्यार्थी.

आम्ही निघालो आणि समोरून टिटवी किंचाळत वर उठली. माझा चेहरा घामानं आणि आसवांनी भरला होता, मला नीटसं दिसत नव्हतं. शेजारी हवालदार हळू आवाजात मोजत होता. अकरा. बारा. तेरा. मग कोणी काही न सांगता चौघांचे पाय एकदम वर उठले आणि जनाजा अलगद पलीकडे गेला. पायाखालून जाताना मला चार ठिपकेदार अंडी दिसली. मागून येणारी माणसंही जोडीजोडीनं, म्हातारी-कोतारी, दोन्ही गावांची, मौलवीसाहेबसुद्धा अंगरखा सावरून, त्या जागी उडी मारत आली. मला हुंदका आला आणि त्याच्यातच हसू फुटलं. मी मान वळवून पाहिलं, शेवटचा माणूस पार झाला होता आणि टिटवी खाली उतरत होती.

"पंधरा," हवालदार म्हणाला, आणि आम्ही पुढे चालायला लागलो.